पद संपलं की बंद

शुक्रवारी सकाळी तुम्ही “आज नको” म्हणालात, म्हणूनच मी ते बटण दाबलं.

दुसरं काही कारण नव्हतं, भाऊजी. गुरुवारी दाबता आलं असतं, शनिवारी आलं असतं. पण तुम्ही माझ्या इन्स्टिट्यूटच्या दारात उभं राहून, छत्री मिटवत, कपाळावरचं नाम जराही न हलवता “आज नको” म्हणालात आणि माझी तर्जनी आपोआप पुढे गेली. चार मिनिटांत अक्का गेली. दुसऱ्यांदा.

तुम्हाला जाऊन आज सोळा दिवस झाले. लोक भेटतात, विचारतात, कसे होते हो तिरुमलराव? मी सांगतो, फार शिस्तीचे होते. गेलेल्या माणसाबद्दल एवढं खोटं पुरतं. खरं तुम्हालाच सांगतो. मला तुम्ही कधी आवडला नाहीत. अक्काच्या लग्नात मांडवातली दिव्यांची माळ मी जोडली होती, पंधरा वर्षांचा होतो, मोठ्या हौसेनं जोडली होती. तुम्ही मुंडावळ्यांसकट स्टुलावर चढलात, खिशातून टेस्टर काढलात (लग्नात टेस्टर कोण नेतो?) आणि सगळ्या वऱ्हाडासमोर विचारलंत, “हे कोणी जोडलं? बाई-माणसं मेली असती.” तिथून आपलं वैर सुरू झालं. वीज मंडळात पुढे तुम्ही फोरमन झालात, मी टाइपरायटिंग इन्स्टिट्यूट काढलं, वैर मात्र बढती-बदली न होता तिथंच राहिलं.

भांडायला आपल्याला काहीही चालायचं. भांडण मराठीत सुरू व्हायचं आणि तमिळमध्ये संपायचं, कारण आपल्या मराठीतल्या शिव्या तीनशे वर्षांपूर्वी पूर्वजांबरोबर घाट उतरून तमिळ मुलखात आल्या, त्यांना आता धार नाही. “मूर्खा” म्हटलं की समोरचा आशीर्वाद समजतो. तुम्ही तर शिवीही देत नसत. तुम्ही फक्त “नको” म्हणायचात. सीनू, तो पंखा नको. सीनू, त्या कोपऱ्यात टेबल नको. का नको, हे सांगणं तुम्हाला कमीपणाचं वाटत होतं की काय, देव जाणे. तीस वर्षांत एका “नको”चं कारण तुम्ही आपणहून दिलं नाहीत, आणि तीस वर्षांत एक “नको” मी मानला नाही. त्या पंख्यानं नंतर काय केलं ते जाऊ दे.

पण खरं भांडण अक्काच्या गाण्याचं. ते मिटलं नाही, आणि आता मिटवायला तुम्ही नाही.

आपल्या गल्लीतल्या मठात शनिवारी भजन व्हायचं. अक्का आपल्या घरातलं ते जुनं पद म्हणायची, जे आजीकडून आईकडे आणि आईकडून तिच्याकडे आलं होतं. माझ्याकडे आलं नाही, माझ्याकडे टाळ आले. अक्का गायला लागली की तमिळ शेजारणी अर्थ न कळता डोळे पुसायच्या. एका शनिवारी तुम्ही ऑफिसातल्या कुणाचा तरी टेपरेकॉर्डर मागून आणलात, खांबाशी ठेवलात आणि ते पद भरून घेतलंत. तेवढी एकच कॅसेट. त्यात टाळ माझे आहेत. हे मी पुढे बारा वर्षं येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत आलो: “आवाज अक्काचा, पण ताल ऐका, ताल धरून कोण बसलंय!” मी हे म्हटलं की तुम्ही आढ्याकडे बघायचात. मला वाटायचं, जळतात.

त्या शनिवारनंतर अक्का मठात गायली नाही. एकदाही नाही. यायची, मागे स्त्रियांत बसायची, ओठ हलवायची. मी विचारलं, “अक्का, का गं?” तर म्हणाली, “ह्यांस आवडत नाही रे.” एवढंच. मग मी तुम्हाला विचारलं, “तुम्हाला आवडत नाही?” तुम्ही म्हणालात, “नाही.” संपलं! दुसऱ्या कुणी निदान मान तरी खाली घातली असती. तुम्ही चष्मा पुसलात.

दोन वर्षांनी अक्का गेली. तिला नेताना मी गल्लीत, सगळ्यांसमोर, तुम्हाला म्हणालो, “तुम्ही तिला जिवंतपणीच गप्प केलंत.” तुमची मुलगी वत्सला तेव्हा चौदा वर्षांची होती, तिनं माझा हात धरून मला बाजूला केलं. मला वाटलं, जिंकलो.

मग ते तिथीचं. दर वर्षी अक्काच्या तिथीला, जेवणं झाल्यावर, तुम्ही पितळी डब्यातून ती कॅसेट काढायचात. वर्षातून एकदाच. टेप झिजते म्हणायचात. सगळे बसायचे. पद सुरू झालं की तुमची तर्जनी बंद करायच्या बटणावर जाऊन बसायची आणि शेवटचा सूर संपायच्या आत, संपल्यावर नव्हे, खाट्! सगळ्या वर्षाचं ऐकणं त्या खाट्-नं तुटायचं. मी म्हणायचो, “अजून टेप आहे ना पुढे? राहू द्या की जरा.” “पुढे टेप कमजोर आहे. पद संपलं की बंद.” माझ्या बहिणीच्या आवाजावर तुमचं बोट! मला त्या बोटाचा जेवढा राग आला तेवढा कुणाच्या तोंडाचाही आला नाही.

गेल्या वर्षी वत्सलानं अमेरिकेतून मला ती डबी पाठवली. पानाच्या डबीएवढी, आत कॅसेट नाही, चाक नाही, काही फिरत नाही, एक पेन्सिल सेल घातला की आठ-दहा गाणी वाजतात. इन्स्टिट्यूटच्या पाटीवर मी तेव्हा “कंप्यूटरही शिकवला जाईल” असं लिहून घेतलं होतं, तेव्हा असल्या वस्तूवर माझाच हक्क, हे वत्सलालाही ठाऊक होतं. तुम्ही डबी हातात घेऊन उलटीसुलटी केलीत.

“वाजतं काय आत?”

“गाणं आत लिहून ठेवतात, भाऊजी.”

“लिहिलेलं पुसलं तर?”

“पुसलं जात नाही. ही विद्या वेगळी आहे.”

हे मी म्हणालो. या तोंडानं.

कॅसेटला बुरशी धरत होती म्हणून तुम्ही ती माझ्या हातात दिलीत, नाहीतर कुठले देताय. देताना दोन अटी. पद संपलं की बंद. आणि गुंडाळायची ती पेन्सिलनं, मोटरनं नको. महामहम तळ्याकाठी जयलक्ष्मी नावाच्या बाई ब्राउझिंग सेंटर चालवतात, त्यांच्या कंप्यूटरला टेप जोडून गाणं आत घेतलं. शेजारी दोघे जण नोकरीचे अर्ज टाइप करत होते म्हणून आवाज बंद ठेवला होता, फक्त पडद्यावर सुई हलताना दिसत होती. पद संपायच्या सुमारास मी मुद्दाम बंद केलं नाही. सुई खाली गेली, पुन्हा उठली, बारीक बारीक हलत राहिली, मग झोपली.

जयलक्ष्मीबाई म्हणाल्या, “सार्, गाण्यानंतर कुणीतरी बोलतंय वाटतं.”

भाऊजी, तुम्हाला कल्पना नाही मला काय झालं. गाणारी अक्का आपल्याकडे होती. बोलणारी अक्का कुठेच नव्हती. ना कॅसेटवर, ना कशावर. तिचा “काय रे सीनू” माझ्या कानातून पुसट होत चालला होता, आठवायला गेलं की त्याच्या जागी वत्सलाचाच आवाज यायचा. आणि अक्का बोलते आहे, कॅसेटवर आहे, आणि तुम्ही इतकी वर्षं तिच्या तोंडावर बोट ठेवून बसलाय! घरी तुम्ही एकटेच ऐकत असणार. एकटेच.

त्या रागात मी कॅसेट मोटरनं गुंडाळली. तुम्ही नको म्हणाला होतात ना. टेप आत अडकली, आणि बाहेर आली ती इडियाप्पमच्या शेवयांसारखी.

मी ती तुमच्यासमोर ठेवली. तुम्ही ती ओंजळीत उचललीत आणि पितळी डब्यात घातलीत. झाकण लावताना ते तीनदा निसटलं. मी घाईनं म्हणालो, “डबीत आहे ना सगळं! चिंता कशाला?” डबीत होतं. जयलक्ष्मीबाईंनी गाणं डबीत भरून दिल्यावर त्यांच्याकडलं पुसून टाकलं होतं, कारण त्यांची डिस्क भरली होती. फ्लॉपीवर घ्यायला गेलो तर फ्लॉपीत अक्काचं एक कडवंही मावेना. तेव्हा जगात अक्काचा आवाज एकाच ठिकाणी उरला, माझ्या शर्टाच्या खिशात.

आणि ते यंत्र तुमच्याच पक्षाचं निघालं. प्रत्येक गाण्याचा शेवटचा तुकडा ते गिळायचं. पडद्यावर आकडा दिसायचा सहा मिनिटं चाळीस सेकंद, आणि सहा-पाचला, शेवटचा सूर विरायच्या आत, खाट्! तुमचंच बोट आत बसवल्यासारखं. पस्तीस सेकंद अक्का आत बोलत होती आणि मला ऐकू येत नव्हती.

डबी बनवणाऱ्यांनाही हे कळलं होतं. जयलक्ष्मीबाईंनी इंटरनेटवर शोधून दिलं. यंत्राच्या आतला प्रोग्राम नवा घातला की शेवट तुटत नाही, आणि तो प्रोग्राम मात्र फ्लॉपीत मावतो. मी फ्लॉपी घेऊन इन्स्टिट्यूटमध्ये आलो, डबी केबलनं कंप्यूटरला जोडली, आणि तेवढ्यात तुम्ही दारात.

“काय करतोस?”

“डबी सुधारतोय.”

तुम्ही घड्याळाकडे पाहिलंत. साडेदहाला पाच कमी. “आज नको.”

शुक्रवार, साडेदहा. राहुकाळ! एवढा वीज मंडळाचा माणूस, आयुष्यभर तारा हाताळलेला, आणि राहुकाळ बघतो! मी हसून तुमच्या तोंडाकडे पाहत बटण दाबलं. तुम्ही पाऊलभर पुढे आलात, मग थांबलात, छत्री पुन्हा उघडून गेलात. पडद्यावर निळी पट्टी भरायला लागली. अर्धी झाली आणि पंखा थांबला. दिवे गेले. पलीकडच्या पितळेच्या दुकानातला पॉलिशचा घरघराट थांबला. यूपीएस होता माझ्याकडे, नाही असं नाही. त्याची बॅटरी पावसाळ्यात मेली होती म्हणून मी त्यावर फुलदाणी ठेवली होती.

संध्याकाळी करंट आला. डबी आली नाही. सेल बदलला, केबल बदलली, डबी मांडीवर आपटली, देवापुढे ठेवली. पडदा कोरा.

तीन दिवस मी तुमचं घर टाळून दुसऱ्या गल्लीनं गेलो. सोमवारी तुम्हीच आलात. बुधवारी तिथी होती.

“डबी दे.”

“सेल संपलाय.”

तुम्ही टेबलावरून डबी उचललीत, सेल काढलात, मीटर लावलात. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली तरी तुम्ही मीटर घेऊन फिरायचात.

“सेल जिवंत आहे. डबी मेली. शुक्रवारी?”

“हो.”

“साडेदहाला.”

“हो.”

“पेपरात आलं होतं. साडेदहा ते पाच लाइनचं काम. म्हणून नको म्हणालो.”

“मला वाटलं, राहुकाळ आहे म्हणून!”

“तोही होताच.”

“मग नीट सांगायचं ना! करंट जाणार आहे, एवढं सांगायला काय झालं होतं?”

“सांगून तू थांबला असतास?”

यावर मी जे बोललो ते तमिळमध्ये होतं. तुम्ही माझं संपेपर्यंत वाट पाहिलीत, मग म्हणालात, “हिच्याबरोबर आलेलं पुस्तक कुठाय?”

आता हे मी कुणाला सांगितलेलं नाही. डबीबरोबरचं माहितीचं पुस्तक छान जाड कागदाचं, स्वच्छ इंग्रजीतलं होतं. मी त्याची पानं सुटी करून मुलींना टाइपिंगच्या सरावाला दिली होती. मासिक परीक्षेला शेवटचं पान दिलं होतं. मूळ पान कुठे गेलं पत्ता नाही. पण मुलींनी टाइप केलेले कागद बाकाखाली रद्दीत होते. गठ्ठा सोडून तुम्ही जमिनीवर मांडी घातलीत आणि त्या पानाच्या पाच नकला शोधून काढल्यात. पाच मुली, पाच नकला, एक दुसरीसारखी नाही. टाइप करताना मुली मजकूर वाचत नाहीत, मीच त्यांना तसं शिकवलंय. कुणी ओळ गाळली होती, कुणी एक ओळ दोनदा मारली होती, एकीनं मधूनच आपलं नाव टाइप केलं होतं.

तुम्ही पाचही कागद शेजारी शेजारी मांडलेत, लाइनचा नकाशा वाचतात तसे, आणि एकेका वाक्यावर बोट ठेवून पाचांत काय आहे ते बघत गेलात. तेच बोट. काम मध्येच थांबलं तर काय करावं, हे त्या पानावर होतं! सेल काढायचा, थांबायचं बटण दाबून धरायचं, धरूनच सेल घालायचा, मग प्रोग्राम पहिल्यापासून पुन्हा. तीन नकलांत तसं होतं, चौथीत ओळच नव्हती, पाचवीत दुसरंच बटण. पाचवी कुणाची, तुम्ही विचारलंत. मी नाव सांगितलं. “हिला पास केलास?” “पहिल्या वर्गात.” तुम्ही आढ्याकडे पाहिलंत.

सगळ्यात खाली एक वाक्य होतं, ते मात्र पाचही मुलींनी बिनचूक मारलं होतं. आत साठवलेली गाणी राहतीलच, याची खात्री नाही.

तुम्ही ते दोनदा वाचलंत. मग उठलात, समोरच्या बूथवरून सबस्टेशनला फोन लावलात. “मी तिरुमलराव. पुढची वीस मिनिटं आमच्या लाइनला हात लावायचा नाही.” पलीकडचा कोणी नवा होता, त्यानं विचारलं असावं, कोण तिरुमलराव? तुम्ही पहिल्यांदाच कुणाला वेळेवर कारण दिलंत. “बायकोचं काम आहे,” म्हणालात. परत येऊन पिशवीतून जुना पत्रा काढलात, माणसं कामावर आहेत असं तमिळमध्ये लिहिलेला, आणि तो माझ्या स्विचबोर्डला टांगलात. दहा टाइपरायटर थांबले. मुली उभ्या राहिल्या. त्यांना वाटलं इन्स्पेक्शन आहे.

मी बटण दाबायला हात पुढे केला. “नको. तुझी बोटं टाइपरायटरची आहेत, ठोकतात.” मग तुम्ही स्वतः बटण धरलंत, सेल घातलात. पडद्यावर एक बारीक रेघ आली. मुलींनी टाळ्या वाजवल्या, तुम्ही त्यांच्याकडे अशा नजरेनं पाहिलंत की पुढच्या त्या हवेतच राहिल्या. आता फक्त शेवटचं बटण होतं. तुमचा हात बटणापाशी जाऊन मागे आला, भाऊजी. अकरा हजारांच्या लाइनवर चढणारा हात. तुम्ही माझ्याकडे वळलात आणि विचारलंत, “करू?”

तीस वर्षांत तुम्ही माझ्या होकारासाठी विचारलेला तो एकच प्रश्न. मंगळसूत्रापासून मेनस्विचपर्यंत कशातही मला विचारलं नव्हतंत. आणि मी, ज्याच्याकडे तुमच्यासाठी तीस वर्षं उत्तरं तयार होती, नुसता “करा” म्हणालो. त्या घटकेला मला तुमचा राग नव्हता. ही एवढीच घटका, हिशेबात धरू नका.

पट्टी भरली. पंखा फिरत राहिला. पडद्यावर अक्षर उमटलं, एक गाणं आहे.

तुम्ही हेडफोन कानाला लावलेत आणि भिंतीकडे तोंड करून उभे राहिलात. मी तुमच्या हातातल्या पडद्यावरचा आकडा बघत होतो. सहा-चार. सहा-पाच. सहा-सहा! चालू राहिला. सहा-वीस. तुमची मान खाली गेली होती. सहा-चाळीस. मी हात पुढे केला.

तुम्ही सेल काढलात, वायर गुंडाळलीत, डबी खिशात घातलीत.

“राहिलंय. सगळं.”

“द्या इकडे.”

“नाही.”

“अहो, यंत्र माझं आहे!”

“बायको माझी आहे. माझ्यामागे घे.”

दहा मुलींसमोर मी काय म्हणालो ते तुम्हाला आठवत असेल. मठात गप्प केलंत, तिथीला गप्प केलंत, आता यंत्रातही गप्प करता. तुम्हाला तिचा आवाज नकोच होता, तुम्हाला तिचं बटण हवं होतं. आणखीही म्हणालो. तुम्ही स्विचबोर्डवरचा पत्रा काढलात, पिशवीत घातलात आणि जाता जाता म्हणालात, “यूपीएसवर फुलदाणी नको.”

त्यानंतर सात महिने आपण बोललो नाही. तुमचं कळलं तेव्हा मी धावत आलो. तुम्ही खाटेवर गप्प पडला होतात, मला वाटलं, नेहमीसारखेच. फरक पडला असेल तर एवढाच की चष्मा काढलेला होता. मी इतक्या वर्षांत तुम्हाला चष्म्याशिवाय पाहिलं नव्हतं. त्याच्याखाली तुमचे डोळे थकलेले होते, हे मला कुणी सांगायचं?

तेरावा झाल्यावर वत्सलानं पितळी डबा माझ्यापुढे ठेवला. आत ती गुंतलेली टेप, डबी, सेल वेगळा कागदात बांधलेला (आत ठेवला तर पाझरतो ना, बरोबर), आणि चिठ्ठी. तुमचं अक्षर. “सीनूस देणे. एकट्याने ऐकणे.”

एकट्याने ऐकणे, म्हणून मी वत्सलाला बोलावून शेजारी बसवलं. हेडफोनचा एक तुकडा तिच्या कानाला, एक माझ्या. तुम्ही जाऊनही मी सुधारलो नाही, हे तुमच्या लक्षात आलं असेल.

पद सुरू झालं. अक्का गात होती. आणि त्या लहानशा यंत्रात, कानाच्या अगदी आत, पहिल्यांदाच मला ते टाळही स्वच्छ ऐकू आले. मी हळूच वत्सलाकडे पाहिलं. ती आढ्याकडे पाहत होती. अगदी तुमच्यासारखी.

पुढचं लिहायच्या आधी एक भांडायचं राहिलंय. बारा वर्षं मी तुम्हाला काय काय म्हणालो. गल्लीत म्हणालो, मठात म्हणालो, तुमच्या मुलीसमोर म्हणालो. एकदा, फक्त एकदा, बोट त्या बटणावरून उचललं असतंत तर मी जन्मभरासाठी तोंड मिटलं असतं. तुमच्या हातात होतं. तुम्ही तर मला जिंकू दिलंत! असं कुणी वागतं का? शब्द दिला म्हणून एवढं? कुणाला, बायकोला? ती गेल्यावरसुद्धा? मला याचा राग येतो, भाऊजी, अजून येतो, आणि तो आता कुणावर काढू ते सांगणारा माणूस तुम्ही बरोबर घेऊन गेलात. मी माफी मागणार नाही. तुम्ही “नको” म्हणणार, आणि तेवढा एक “नको” मला मानायचा आहे.

तर. सहा मिनिटं पाच सेकंद. सूर विरला. त्या शनिवारी त्या वेळी मी मठाच्या दारात प्रसादाचं हरभऱ्याचं सुंडल वाटत होतो, मागे कुणी सुंडल मागतंय तेही ऐकू येतं. मग अक्का, धापा टाकत, अगदी तीच.

“झालं? बंद केलंत तें?”

“केलं,” तुम्ही म्हणालात. आयुष्यातलं तुमचं एकच चुकलेलं बटण.

“मग सांगते. पुढच्या शनिवारापासून मी म्हणायची नाही इथं. सीनू टाळ घेऊन बसतो तंवर नाही. ताल कुठं, पद कुठं!”

“मी सांगतो त्याला.”

“अय्यो, नको! रडेल तो. किती हौसेनं बसतो, पाहिलंत ना. मी सांगेन, तुम्हास आवडत नाही म्हणून.”

मग तुम्ही, नेहमीच्याच आवाजात, “बरं. माझ्यावर घाल.”

“आणि त्यास कधी कळूं द्यायचं नाही. शपथ?”

“शपथ.”

वत्सला तोंडात पदर कोंबून हसत होती आणि तिच्या डोळ्यांतून पाणी माझ्या हातावर पडत होतं. मी हलत नव्हतो. पडद्यावर सहा-चौतीस. भांडी सरकल्याचा आवाज आला, अक्का उठत असावी, आणि उठता उठता ती म्हणाली:

“देव दगडाचा, म्हणून तो बसून राहिला हो. मला पाय आहेत.”